प्रेस शॉपमध्ये नवीन लागताय? आधी हे वाचा, मग मशीनला हात लावा

गावाकडून दर दोन महिन्यांनी कोणाचा तरी फोन येतो. दादा, चाकणला लागलोय, प्रेस शॉप आहे म्हणतात, काय काळजी घेऊ? प्रत्येकाला अर्धा अर्धा तास तेच तेच सांगतो म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढतोय, लिंक पाठवली की झालं.

मी मूळचा परभणीकडचा. आयटीआय करून आलो तेव्हा पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापणारी-वाकवणारी मशीन, फक्त पुस्तकातल्या चित्रात बघितलेली होती. आज माझ्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं एक पेर नाहीये. ते कसं गेलं ते खाली येईलच, पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. हेल्मेट, बूट, गॉगल सगळं लागतं, पण प्रेसवर बोटं जातात ती बहुतेक एकाच वेळी, जॉब (मशीनवर तयार होणारा पत्र्याचा तुकडा) डायमध्ये (तो ज्या साच्यात दाबला जातो त्यात) अडकला आणि हात आपोआप आत गेला की. त्या दोन सेकंदांसाठीच हा एवढा लांबलचक लेख आहे.

१. जॉइन व्हायच्या आधी कागद गोळा करा

सोबत ठेवायचं:

- आधार आणि बँक पासबुक. दोन्हीवरचं नाव अगदी सेम पाहिजे, स्पेलिंगसकट, नाहीतर पुढे पीएफला रडाल
- आयटीआय मार्कशीट, ८-१० फोटो
- आधी कुठे काम केलं असेल तर जुना यूएएन (पीएफचा नंबर) आणि जुना ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) नंबर. नवीन काढू देऊ नका, जुनाच पुढे चालवायला सांगा
- घरच्यांची नावं, जन्मतारखा, आधार. ईएसआयमध्ये त्यांचीही नावं टाकायची असतात
- ब्लड ग्रुप. माहीत नसेल तर तपासून घ्या

आता ईएसआयबद्दल नीट ऐका, कारण नव्या पोरांना सगळ्यात जास्त इथेच फसवलं जातं. महिन्याचा पगार २१,००० पर्यंत असेल तर तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. म्हणजे १६,००० पगार असेल तर तुमचे कापले जाणार फक्त १२० रुपये, आणि त्या बदल्यात तुम्हाला आणि घरच्यांना उपचार, शिवाय कामावर लागलं तर सुट्टीतले पैसे. कामावरच्या इजेसाठी इतके महिने भरलेले पाहिजेत वगैरे अट नाही, पहिल्या दिवसापासून हक्क आहे.

गेम कुठे होतो? काही कॉन्ट्रॅक्टर पोराचं नाव टाकतच नाहीत, आणि अपघात झाला की मग त्याच दिवशी धावपळ करून रजिस्ट्रेशन करतात. म्हणून पहिल्या दिवशीच १० आकडी ईएसआय नंबर मागा. ई-पहचान कार्डाची प्रिंट घ्या, फोटो काढून फोनमध्ये ठेवा आणि घरी पण व्हॉट्सअ‍ॅप करा, कारण लागल्यावर तुमचा फोन तुमच्या हातात असेलच असं नाही. नंबर द्यायला टाळाटाळ चालली असेल तर ते काम कसंय ते तिथेच कळतं.

अप्रेंटिस म्हणून लागला असाल, म्हणजे अप्रेंटिस अ‍ॅक्टखाली रीतसर करार झाला असेल, तर ईएसआय लागू होत नाही, तेव्हा इजेची भरपाई द्यायची जबाबदारी थेट मालकावर येते. त्यामुळे कराराची कॉपी जपून ठेवा. बाकीच्यांनी नेमणूक पत्र मागा. जुना १९४८ चा फॅक्टरी अ‍ॅक्ट जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड आलेत आणि त्यात लेखी नेमणूक पत्र सगळ्यांना द्यायचं आहे. मागायला लाजू नका.

२. पहिल्या दिवसाचं ट्रेनिंग झोपेत काढू नका

एसी रूममध्ये बसवून स्लाइड दाखवतात, रात्रभर एसटीने आलेलं पोरगं डुलक्या काढतं आणि शेवटी रजिस्टरवर सही करतं. ती सही म्हणजे "मला सगळं शिकवलंय" असा कंपनीकडे पुरावा. शिकवलं नसेल तर निदान विचारून तरी घ्या. ट्रेनिंग संपलं की शॉपमध्ये स्वतः चालत जाऊन ह्या गोष्टी डोळ्यांनी बघा: माझ्या मशीनचं लाल इमर्जन्सी बटण कुठंय, लाइनची मेन सप्लाय कुठून बंद होते, फर्स्ट एडची पेटी कुठंय आणि तिची चावी कोणाकडे असते (पेटीला कुलूप आणि चावी असलेला माणूस फर्स्ट शिफ्टला, हे मी स्वतः बघितलंय), आग लागली तर कुठल्या दाराने बाहेर पडायचं आणि असेम्ब्ली पॉइंट (सगळ्यांनी जमायची जागा) कुठं. ते दार खरंच उघडतं का ते पण ढकलून बघा. बऱ्याच ठिकाणी त्याच्यापुढे बिन आणि पॅलेट रचलेले असतात.

३. अंगावर काय घालायचं आणि काय काढायचं

सेफ्टी शूज स्टीलच्या टोपीवाले. आतून आयएस १५२९८ चा मार्क बघा. साइज एक नंबर मोठा मिळाला तर परत करा, ढिल्या बुटात आठ तास उभं राहून बघा म्हणजे कळेल. सॉक्स कॉटनचे. शिफ्ट संपल्यावर बूट घातलेल्या पायाने गिअर टाकत बाइक चालवायची सवय व्हायला दोन दिवस जातात, तेवढं सांभाळा.

गॉगल ग्राइंडिंगला, ड्रिलिंगला, हवेने साफ करताना. चष्मा म्हणजे गॉगल नाही.

इअरप्लग. शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागत असेल तर कानात प्लग पाहिजेच. आपल्याकडे आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा धरतात, प्रेस शॉप ती सहज ओलांडतं. कान दुखत नाही म्हणून लोक घालत नाहीत, आणि कान जातो तो न दुखताच जातो. आमचे एक मामा आहेत, २२ वर्षं प्रेसवर काढली, आता घरी टीव्हीच्या आवाजावरून रोज भांडण.

हातमोजे मात्र जरा समजून घ्या. शीट उचलताना कट-रेझिस्टंट मोजे घालायचेच, पत्र्याची बर, म्हणजे कापलेल्या कडेची धार, ब्लेडसारखी कापते. पण ड्रिल मशीन, लेथ, जे काही गोल फिरतं तिथे मोजे घालायचे नाहीत. मोज्याचा एक धागा अडकला तर अख्खा हात ओढून नेतो. नवीन पोरांना वाटतं मोजे घातले म्हणजे सेफ, इथे उलटं आहे.

काढून ठेवायचं: अंगठी, कडं, मनगटातला गंडा-दोरा, गळ्यातली चेन, आयकार्डची लांब दोरी. देवाचा दोरा काढायला जिवावर येतं हे मला माहितीये, खिशात ठेवा, देव समजून घेईल. ताईंनी ओढणी अ‍ॅप्रनच्या आत आणि केस टोपीत. इअरफोन लावून गाणी तर अजिबात नाही, मशीनचा आवाज बदलला की आधी कानालाच कळतं.

४. शिफ्ट सुरू होताना दोन मिनिटं मशीन तपासा

आधी हे विचारा की मशीन की-क्लचची (जुनी, लोखंडी खिळीने अडकणारी) आहे का न्यूमॅटिक क्लचची (हवेच्या दाबावर चालणारी). हा प्रश्न नवीन माणूस सहसा विचारत नाही आणि फरक तर जमीन-अस्मानाचा आहे.

न्यूमॅटिक क्लचवाली प्रेस मधल्या मध्ये थांबते. तिला पुढे लाइट कर्टन असतो, म्हणजे दोन्ही बाजूला पिवळे खांब आणि मध्ये न दिसणारे किरण, हात आडवा आला की रॅम (वरून खाली येणारा भाग) थांबतो. जुनी की-क्लचवाली एकदा सुटली की पूर्ण स्ट्रोक (एकदा खाली-वर) मारूनच थांबणार, मध्ये लाल बटण दाबा नाहीतर देवाचं नाव घ्या. त्यामुळे अशा मशीनवर सेन्सर असला तरी त्याचा उपयोग नाही, तिथे फिक्स जाळी पाहिजे आणि आत फक्त चिमटा जाणार, हात नाही. शिवाय की किंवा स्प्रिंग झिजली तर ही मशीन कधीतरी न दाबता दुसरा स्ट्रोक मारते. शॉपमध्ये कोणी म्हणालं "ती चार नंबर अधूनमधून डबल मारते", तर तिच्यावर उभं राहायचंच नाही, सुपरवायझरला सांगायचं आणि मेन्टेनन्स होईपर्यंत नाही म्हणायचं.

रोजचा चेक असा:

- टू हॅण्ड स्विच: दोन्ही बटणं एकदम दाबली तरच स्ट्रोक पडला पाहिजे. एकच दाबून बघा, नाही पडला पाहिजे. एक दाबून ठेवा आणि दुसरं नंतर दाबा, तरी नाही पडला पाहिजे
- लाइट कर्टन: रॅम चालू असताना काठी आडवी घालून बघा, थांबतो का. काठी! हात घालून चेक करणारे महाभाग असतात
- इमर्जन्सी बटण दाबून बघा
- फूट पेडल असेल तर त्यावर वरून झाकण आहे का, नाहीतर खाली पडलेला जॉबच पेडल दाबतो
- पायाखाली तेल आहे का. असेल तर पुसा किंवा लाकडाचा भुसा टाका

आता माझी गोष्ट. दुसरा महिना, नाईट शिफ्ट, पहाटेचे चार वाजत आलेले. माझ्या मशीनच्या डाव्या बटणावर टेप मारून खाली वॉशर बसवलेला होता, म्हणजे बटण कायम दाबलेलं, उजव्या हाताने स्ट्रोक मारायचा आणि डाव्याने जॉब काढायचा. मी लावलं नव्हतं, मला मशीन तशीच मिळाली. सेटरला (मशीनवर डाय बसवणाऱ्याला) विचारलं तर तो म्हणाला, सगळे असंच करतात, नाहीतर काउंट निघत नाही. आणि खरंच होतं ते, तसं केलं की तासाला ऐंशी-नव्वद जॉब जास्त निघायचे. जॉब अडकला, डावा हात काढायला आत गेला आणि उजवा हात सवयीने बटणावर पडला. दुखलं पण नाही आधी. मोजा लाल झाला तेव्हा कळलं.

तेव्हा टेप, वॉशर, काडी, वायरचा जंपर काहीही दिसलं की समजून जा की सेफ्टी काढलेली आहे, ती कोणी काढली ह्याच्याशी तुम्हाला घेणं नाही, बोटं तुमची आहेत.

५. जॉब अडकला की काय करायचं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. तोंडपाठ करा.

दोन्ही हात मागे घ्या. मशीन ऑफ मोडला टाका, सिलेक्टरला चावी असेल तर काढून खिशात घाला. मोटर बंद करा आणि थांबा! मोटर बंद झाली तरी फ्लायव्हील अजून फिरत असतं, त्यात एक स्ट्रोक मारण्याएवढा जोर शिल्लक असतो. मोठ्या मशीनचं चाक थांबायला बराच वेळ घेतं. चाक डोळ्यांनी थांबलेलं दिसलं पाहिजे. मग डायमध्ये सेफ्टी ब्लॉक लावा, म्हणजे रॅम खाली आलाच तर ब्लॉकवर अडेल. आणि तरीही हाताने नाही, चिमट्याने, हुकने किंवा मॅग्नेटने काढा. डायला तेल लावायला लांब दांड्याचा ब्रश, स्क्रॅप ओढायला हुक. चिमटा मशीनजवळच टांगलेला पाहिजे, शोधायला लागला की माणूस हात घालतोच, मी पण घातलाच होता.

एवढ्याला पाच मिनिटं जातात. रोज दहा वेळा जॉब अडकत असेल तर पन्नास मिनिटं गेली, सुपरवायझर बोंबलणारच. त्याला सांगा की डाय खराब आहे, टूलरूमला पाठवा. दहा वेळा अडकणं हा तुमचा आळस नाही, तो डायचा प्रॉब्लेम आहे, आणि कुठल्या शिफ्टला किती वेळा अडकला ते वहीत लिहून दाखवलं की बरेच सुपरवायझर ऐकतात सुद्धा. सगळे वाईट नसतात, त्यांच्यावर पण वरून प्रेशर असतं.

मशीनवर दोन माणसं असतील, एक पुढून एक मागून, तर दोघांनाही वेगळी बटणं पाहिजेत. पुढच्याने दाबायचं आणि मागच्याने नशिबावर उभं राहायचं हा प्रकार बंद.

६. डाय चेंज आणि मेन्टेनन्स

नवीन माणसाचं हे काम नाही. पण "जरा धर रे" म्हणून बोलावतात. गेलात तर एवढं बघा की मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावलंय आणि आत काम करणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप आहे, चावी ज्याच्या त्याच्या खिशात. नुसती "काम चालू आहे" पाटी चालत नाही, नाईटला कोणीतरी पाटी बाजूला करून स्विच मारतो. आणि क्रेनला टांगलेल्या डायखाली उभं राहायचं नाही, एक सेकंद पण नाही, पट्टा कितीही नवीन असला तरी.

७. बाकीचे धोके, पटापट

ग्राइंडर: दगड आणि टेकूमधलं अंतर ३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर जॉब खाली ओढला जातो. सुरू करताना समोर नाही, बाजूला उभे राहा, फुटायचा असेल तर दगड सुरुवातीलाच फुटतो.

हवेची नळी: कपडे झाडायला वापरू नका. आणि मस्करीत कोणाच्या अंगाला, विशेषतः मागून, अजिबात लावू नका. ह्या मस्करीत आपल्या देशात माणसं मेलीत, पेपरात आलेलं आहे, आतडी फाटतात.

करंट: कोणी चिकटलं तर त्याला धरू नका, आधी सप्लाय बंद. पॅनलला आग लागली तर पाणी नाही, सीओटूचा सिलिंडर. तेलाच्या आगीवर पण पाणी नाही. सिलिंडर वापरायची पद्धत: पिन ओढा, नळी आगीच्या बुडाकडे धरा, दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. आग तुमच्या उंचीची झाली असेल तर हिरोगिरी न करता बाहेर पडा.

ओटी, म्हणजे ओव्हरटाइम: दुप्पट पगार मिळतो, मिळालाच पाहिजे, पण डबल शिफ्ट मारून तिसऱ्या दिवशी प्रेसवर उभं राहू नका. पॅकिंगला टाका म्हणून सांगा. पहाटे तीन ते पाच डोळा लागतोच, त्या वेळेला तोंड धुवून या, चहा घ्या, काउंट गेला खड्ड्यात.

८. लागलंच तर

आधी दाबून धरा. स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबायची आणि हात वर धरायचा. हळद, चहा पावडर, ऑइल काही लावायचं नाही. त्या हातात अंगठी असेल तर लगेच काढा, सूज आली की निघत नाही. ऑपरेशन लागू शकतं म्हणून खायला-प्यायला देऊ नका.

बोट तुटून वेगळं झालं असेल तर ते शोधा. स्वच्छ पाण्याने हलकं धुवा, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. थेट बर्फावर किंवा पाण्यात बोट ठेवू नका, पेशी मरतात. माझं पेर कोणी शोधलंच नाही, स्क्रॅपच्या बिनमध्ये गेलं असणार.

गाडीसाठी १०८, नाहीतर ११२. जीवावरचं असेल तर जवळच्या कुठल्याही हॉस्पिटलला, नंतर ईएसआयच्या दवाखान्यात. पिंपरी-चिंचवडकडे असाल तर मोहननगरला ईएसआयचं हॉस्पिटल आहे.

आणि आता ट्रॅप. गाडीत बसल्या बसल्या कोणीतरी प्रेमाने कानात सांगतो, "घरी लागलं म्हण, बाइकवरून पडलो म्हण, आम्ही सगळा खर्च करतो." खर्च करतात पण, पहिल्या ड्रेसिंगपर्यंत. डॉक्टरला खरं तेच सांगा: कुठली कंपनी, कुठली मशीन, किती वाजता. केसपेपरवर ते लिहिलंय का वाचून घ्या. कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठा तर नाहीच. कंपनीने अपघाताचा रिपोर्ट ईएसआयला ऑनलाइन भरायचा असतो, त्याची कॉपी मागा.

अपघाताचा दिवस सोडून तीन दिवस किंवा जास्त काम करता आलं नाही तर ईएसआय सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के देतं, पण त्यांच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट पाहिजे, म्हणून खाजगीतच पडून राहू नका. बोट कायमचं गेलं असेल तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं आणि त्याप्रमाणे पुढेही पैसे मिळतात. मला दर महिन्याला जमा होतात, फार नाहीत, पण बोर्डाला जायला मी आधी कंटाळा केला होता ही चूक तुम्ही करू नका. ड्युटीला येता-जाताना झालेला अपघात पण ह्यात धरला जातो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अडलात तर ईएसआयसीचा टोल फ्री नंबर १८००-११-२५२६.

९. नाही कसं म्हणायचं

नवीन माणसाला हे सगळ्यात जड जातं, उद्या गेटवर थांबवतील ही भीती असते आणि ती खोटी नाहीये. म्हणून भांडू नका, नवीन असण्याचा फायदा घ्या. मी पोरांना हे वाक्य देतो: "मामा, माझा हात अजून बसला नाही, सेन्सर चालू करून द्या, काउंट हळूहळू काढतो." ह्यावर सहसा कोणी चिडत नाही. ऐकलं नाही तर सुपरवायझर, मग सेफ्टी ऑफिसर. तोंडी सांगून झालं की ग्रुपवर एक साधा मेसेज टाका, "चार नंबर मशीनचा सेन्सर बंद आहे, मेन्टेनन्सला कळवा", तारीख-वेळ आपोआप पडते. तरी हललं नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करता येते, आणि तक्रार करणाऱ्याचं नाव ते गुप्त ठेवतात.

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. सगळ्यांना बिल्ला लावतात, शपथ घेतात, घोषवाक्य स्पर्धेत टिफिनचा डबा मिळतो. त्या आठवड्यात बाहेरचे पाहुणे येणार म्हणून सगळे सेन्सर चालू असतात, टेपा काढलेल्या असतात. मशीन सेफ्टी लावून कशी चालते आणि काउंट खरंच किती कमी होतो ते त्याच आठवड्यात मोजून ठेवा. आमच्याकडे मोजला तर बोलतात त्याच्या निम्मा पण फरक नव्हता. तो आकडा पुढच्या वेळी सेटरशी बोलताना कामाला येतो.